ताईच्या दारातली पार्किंग

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाने विधानसभेला उभं राहावं, यात वरवर पाहता काही चूक नव्हती. ओळख तयारच होती. अडचण एवढीच, की त्या निम्म्या लोकांना मास्तरांनी कधी ना कधी ‘तुम्हाला अजून जमत नाही’ असं सांगितलं होतं, आणि माणूस बाकी सगळं शिकलेलं विसरला तरी हे विसरत नाही.

मास्तरांची जागा आयुष्यभर चालवणाऱ्याच्या शेजारची. तिथे त्यांच्या पायाशी आणखी एक ब्रेक. शिकणाऱ्याला वाटे, गाडी आपणच थांबवली. मास्तर काही बोलत नसत. अपक्ष उमेदवाराला याहून चांगलं शिक्षण मिळणं कठीण.

प्रचाराला ते बायकोच्या भावाला घेऊन घरोघर हिंडले. गल्लीत गतिरोधक हवा, ही मागणी सगळीकडे सारखीच होती. फक्त तो स्वतःच्या दारात नको होता. मास्तर म्हणत, “गतिरोधक कशाला? हळू चालवा की.” परवान्याची चाचणी कडक करणार का, असं एका जुन्या शिष्याने कौतुकाने विचारलं. “करणार. तुम्हालाही पुन्हा द्यावी लागेल. तुम्ही अजून आरशात बघत नाही.” मेव्हण्याने कपाळाला हात लावला आणि पुढच्या घराची घंटा वाजवली.

पण खरा वांधा होता बाजाररस्त्याचा. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये उरलेली बोळ. त्या बोळीत रुग्णवाहिका अडकलेली मास्तरांनी पाहिली होती. सायरन चालू, चाकं बंद. गाड्या हटवायच्या आणि कडेने चालायला वाट करायची, एवढं एकच आश्वासन ते न अडखळता देत. आता त्याच रस्त्यावर, अगदी मोक्याच्या जागी, त्यांच्या थोरल्या बहिणीचं कपडे शिवायचं दुकान. गिऱ्हाईक दारात गाडी लावायचं, माप द्यायचं, निघायचं. आईवडील गेल्यावर ताईने याच दुकानावर धाकट्याला वाढवलं आणि शिकवणीची पहिली गाडीही घेऊन दिली. त्यात चिन्हांच्या वाटपात मास्तरांना मिळालं शिलाई मशीन. निम्म्या मतदारांचा समज झाला की ताईच उभी आहे. उरलेल्यांना वाटे, तसं असतं तर बरं झालं असतं.

सभेच्या आदल्या दिवशी ताई त्यांच्या शर्टाला बटण लावत बसली होती.

“माझं मशीन दाखवून मतं मागतोस आणि माझंच दुकान बसवतोस.”

“बसणार नाही गं. लोक चालत येतील.”

“तू गेलायस कधी कुठे चालत? जन्म गाडीत गेला तुझा.”

ताईने सुईत नवा दोरा ओवला.

“निदान उद्या तो विषय काढू नकोस. कुणी विचारलंच तर ‘बघू’ म्हण. सगळेच म्हणतात.”

“बघू,” मास्तर म्हणाले. ताईला जरा धीर आला. तिने दोरा तोडला.

सभा शाळेच्या सभागृहात होती. बाजारातले दुकानदार झाडून आले होते. ताई पहिल्या रांगेत. भाषण संपायच्या आतच वह्या-पुस्तकांचा दुकानदार उठला. “मास्तर, लांबण नको. पार्किंग राहणार की जाणार?”

मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली पुढे सरकला आणि जोरात दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं.

“जाणार.”

“ताईंच्या दारातली?”

“ती आधी.”

ताई उठली, पर्स काखेत घातली आणि निघून गेली. टाळ्या एकट्या मेव्हण्याने वाजवल्या, त्याही नात्याला जागून.

मग घरात भाऊबहिणीचं बोलणं मास्तरांच्या बायकोमार्फत होऊ लागलं. मतदानाच्या दिवशी मात्र मास्तरांनी गाडी काढली. ताईचा गुडघा दुखरा होता आणि केंद्र बाजाराच्या पलीकडे. बाजाररस्त्याच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली.

“इथे का?”

“पुढे लावायची नाही.”

“अजून निवडून आलेला नाहीस.”

“येईन असं वाटतही नाही. उतर.”

ताई उतरली. रोज गाडीतून दारात सोडली जाणारी बाई त्या रस्त्याने कितीतरी वर्षांनी चालली. एका आरशाने तिचं कोपर सोललं, एका गाडीचं दार तोंडावर उघडलं. आपल्या दुकानाशी आली तर दोन गाड्यांच्या फटीतून तिला अंग चोरून जावं लागलं.

“माझ्याच दारात,” ती म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही.

मास्तर सपाटून हरले. निवडून आलेल्याने पार्किंगही ठेवू आणि रुग्णवाहिकाही सोडू, असं सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना ते पटलं होतं. ताईने मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही, आणि मास्तरांनी हयातीत पहिल्यांदाच चाचणीचा निकाल विचारला नाही.

निकालानंतरच्या सकाळी ताईला दुकानात सोडायला त्यांनी सवयीने गाडी बाजाररस्त्याकडे वळवली.

“कोपऱ्यावर थांब,” ताई म्हणाली. “इथून जाते मी.”

“अगं, आता कशाला? गुडघा...”

“गुडघा माझा आहे. तू आरशात बघ, मागे कोणीतरी खोळंबलंय.”

मास्तरांनी बघितलं. खरंच होतं.