मामाचा हात आणि माझा हेडफोन

मित्रहो, आज सकाळी मनीषनगरला माझ्या खोलीत मामाची ढोलकी रेकॉर्ड करत होते. तो शहराच्या जुन्या महाल भागातून खास आला होता. पेटी मी आधीच वाजवून रेकॉर्ड करून ठेवली होती. ती हेडफोनवर ऐकत त्याने साथ द्यायची होती.

नंतर दोन्ही एकत्र ऐकलं. ढोलकी पेटीच्या मागे पडत होती. त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा तेच.

मामाने ढोलकी बाजूला सारली. "हात जड झाला वं माझा. लोक तोंडावर सांगत नाहीत, एवढंच. आता बंद करतो वाजवणं."

"मामा, तुझा हात नाही, कॉम्प्युटर उशीर करून राहिला."

"खोटं काहून बोलून राहिली वं?"

मी हट्टाला पेटले. सॉफ्टवेअर आवाज थोडा साठवून मग पुढे पाठवतं. त्या साठ्याला बफर म्हणतात. तो कमी केला आणि मामाला पुन्हा वाजवायला लावलं. आवाजात खरखर आली, ढोलकी मात्र मागेच. मग लक्षात आलं, मामाच्या कानांवर माझा ब्लूटूथ हेडफोन होता. पेटीच त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचत होती आणि तो तिच्याबरोबर अचूक वाजवत होता.

वायरचा हेडफोन लावला. बफर जरा वाढवला. मामाने पुन्हा वाजवली. खरखर गेली आणि ढोलकी पेटीवर नेमकी बसली.

मामाने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "तुझी पेटी घाई करून राहिली. पुन्हा वाजव."

मी पुन्हा वाजवणार आहे. तुमच्या ओळखीत कोणी यंत्राच्या उशिरापायी वाजवणं सोडलं असेल, तर त्यांना आजच फोन कराल का?