निंबाच्या खांद्यावरची डोली

सुरतेच्या गोपीपुऱ्यात हर्षदाबेनच्या घरी स्वयंपाकाला लागून शोभाबाईला सोळा वर्षं झाली होती. सकाळी भेस्तानहून शेअर रिक्षा धरायची, बेनच्या घरी बिनकांद्याचा, बिनलसणाचा स्वयंपाक करायचा, सूर्य मावळायच्या आत बेनचं संध्याकाळचं जेवण उरकायचं आणि घरी परतून नवऱ्यासाठी, सुकलालसाठी, लसणाचा ठेचा कुटायचा, असा तिचा दिवस असे.

कामाला लागली त्याच आठवड्यात बेननी विचारलं होतं, "माहेर कुठलं गं तुझं?"

"मांगी-तुंगीच्या पायथ्याचं."

बेन दिगंबर जैन. मांगी-तुंगीचं नाव कानावर पडताच त्यांनी हात जोडले. "नशीबवान आहेस. आणि भाऊ काय करतो?"

शोभाबाईच्या बापानं जन्मभर त्या डोंगराच्या पायऱ्यांवर डोल्या वाहिल्या होत्या. बाप गेला आणि तोच बांबू धाकट्या भावानं, निंबानं, खांद्यावर घेतला. पण बेनच्या स्वच्छ ओट्यापाशी उभं राहून हे सांगायला तिची जीभ रेटेना. "देवस्थानात नोकरीला आहे," ती म्हणाली.

सगळंच काही खोटं नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण बेनना ती गोष्ट फार आवडली. घरी कुणी पाहुणे आले की त्या सांगायच्या, "आमच्या शोभाचा भाऊ तीर्थावर सेवेला आहे." दर वेळी ऐकताना शोभाबाई खाली मान घालून पोळी लाटत राही.

यंदा माघात बेननी अचानक यात्रेचं मनावर घेतलं. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. मुलाला धंद्यातून सवड नव्हती. "तू चल शोभा," त्या म्हणाल्या. "आपला ड्रायव्हर भाईदास गाडी चालवील, मी डोलीत बसेन. तुझा भाऊही भेटेल."

रात्री निंबाला फोन करावा म्हणून शोभाबाईनं मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. काय सांगणार होती? तू डोलीवाला आहेस हे कळू देऊ नकोस, असं? इतक्या डोलीवाल्यांत त्याचाच नंबर लागेल कशावरून, असं म्हणून ती आडवी झाली. बेननी विचारलंच, तर तो सुट्टीवर गेलाय म्हणून सांगता येईल.

व्यारा, नवापूर, पिंपळनेर करत गाडी दुपारून ताहाराबादेला पोचली, आणि समोर मांगी आणि तुंगी हे दोन सुळके दिसले. शोभाबाई अकरा वर्षांनी ते बघत होती. बेन गाडीतूनच नमस्कार करत होत्या. तिनंही केला, पण तिचं लक्ष डाव्या अंगाला होतं. तिकडे निंबाच्या घराची कौलं दिसतात.

धर्मशाळेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या पायऱ्यांशी आल्या. नंबर पुकारला गेला. चार माणसं खुर्चीची डोली घेऊन पुढे आली, आणि त्यांत पुढच्या उजव्या खांद्याला निंबा होता.

केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती. त्यानं शोभाबाईकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि बेनची शाल नीट करायला वाकली. वर पाहिलं तेव्हा निंबा खाली बसून बांबूची गाठ तपासत होता. "बसा आई," तो बेनना म्हणाला.

डोली उचलली गेली. शोभाबाई मागून चढू लागली. निंबाचा श्वास तिला ऐकू येत होता. त्याच्या बनियनच्या पट्टीखाली बापाच्या खांद्यावर होता तसाच घट्टा होता, काळा, जाड, तळपायाच्या टाचेसारखा. लहानपणी ती बापाच्या त्या घट्ट्यावर रात्री तेल चोळून द्यायची. आज त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती पायऱ्या बघत चढत राहिली.

अर्ध्या वाटेवर एका कट्ट्यापाशी डोली टेकली. तिघं विडी ओढायला बाजूला गेले, निंबा मात्र जवळच टॉवेलनं मान पुसत उभा राहिला. बेननी उकळलेलं पाणी मागून घेतलं, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "शोभा, तुझा भाऊ कुठं असतो? वर की खाली देवस्थानच्या ऑफिसात?"

शोभाबाई काही बोलायच्या आत निंबानंच विचारलं, "देवस्थानातले का, आई? ते सुट्टीवर असतील. लग्नसराई आहे ना."

तो दरीकडे बघत बोलला. अगदी सहज, जणू कुणा परक्याविषयी. शोभाबाईला रडूच फुटलं. पायरीवर बसून तिनं तोंडाला पदर लावला. बेन घाबरल्या. "काय झालं? छातीत दुखतंय?"

"बेन, हाच माझा भाऊ. निंबा. माझा बापही हेच करायचा."

बेन निंबाकडे बघत राहिल्या. "आ तारो भाई छे?" त्या हळूच म्हणाल्या. मग खुर्चीचे दांडे धरून उठू लागल्या. "मग मी नाही बसत यात. तुझ्या भावाच्या खांद्यावर कशी बसू मी?"

"का नाही?" निंबा वळला. आवाज चढला नव्हता, पण चेहरा कडक झाला होता. "सोळा वर्षं हिच्या हातचं खाता ना तुम्ही? मग माझ्याच खांद्याला काय झालं? बावीस वर्षांत एक माणूस पाडलं नाही मी. बसा आई. तुमचे गुडघे इथून वर जायचे नाहीत."

बेन क्षणभर तशाच अर्धवट उभ्या राहिल्या, मग बसल्या. शाल सारखी करून त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस, शोभा?"

"वाटलं, डोलीवाल्याच्या घरची आहे कळलं तर तुम्ही ओट्याला हात लावू देणार नाही."

बेन विचार करून म्हणाल्या, "तेव्हा कदाचित नसताच लावू दिला. सोळा वर्षांपूर्वी मी फार कडक होते."

वर पोचल्यावर मांगीच्या गुंफांशी डोली उतरली. लहानपणी शोभाबाई बापाची भाकर घेऊन इथवर यायची आणि बाहेरच्या पायरीवर बसून राहायची. आत काय आहे ते तिला कधी दिसलंच नव्हतं. आज बेननी तिचा दंड धरला, गुडघ्यांसाठी असेल नाहीतर आणखी कशासाठी, आणि दोघी आत गेल्या. कातळात कोरलेल्या मूर्ती शांत उभ्या होत्या, अंगावर काही नाही, हात मांड्यांशी सोडलेले. बेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शोभाबाईला स्तोत्र येत नव्हतं. तिनं नुसते हात जोडले आणि बापाची आठवण काढली.

तुंगीही करून सगळे खाली आले तेव्हा सूर्य अजून डोंगरावर होता. बेन म्हणाल्या, "निंबाभाई, घर दाखवा तुमचं."

निंबाची बायको सुषमा गडबडूनच गेली. शोभाबाईनं मग चुलीचा ताबा घेतला. नागलीच्या भाकरी थापल्या, बिनलसणाचं वरण केलं. बेननी पिशवीतून आपलं पाणी गाळायचं फडकं काढून दिलं. त्या फडक्यातून निंबाच्या माठातलं पाणी गाळून, उकळून शोभाबाईनं दिलं. दिवस बुडायच्या आत बेन एक भाकर जेवल्या आणि आणखी अर्धी मागून घेतली. निंबा दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.

बेन धर्मशाळेकडे निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "तू राहा चार दिवस. मी भाईदासबरोबर जाते सुरतेला."

रात्री अंगणात शोभाबाईनं तेलाची वाटी घेतली आणि निंबाच्या मागे बसली. "मी तुले खालेच वळखी लिधं," तो त्यांच्या अहिराणीत म्हणाला. "पन तू बोलनी नही, म्हनीसन मीबी बोलना नही."

"राग आला असंल."

"राग उना ना. पहिल्या शंभर पायऱ्या लई उना." तो थांबला. "मंग दम लागना, राग ऱ्हायना बाजूले."

दोघंही हसली. सुषमा आतून काय झालं म्हणून बघायला आली.

चार दिवसांचे सहा झाले. सहाव्या दिवशी बेनचा फोन आला तेव्हा शोभाबाई सुषमाबरोबर अंगणात पापड वाळत घालत होती. येते उद्याच, असं ती ओशाळून म्हणू लागली, तर बेन तिकडून म्हणाल्या, "घाई करू नकोस. भाईदास खिचडी करतो. मीठ जास्त पडतं, पण चालतं. निंबाभाईला दे फोन, मला बोलायचंय त्यांच्याशी."

शोभाबाईनं ओल्या हातानंच मोबाइल दारात बसलेल्या भावापुढे धरला.