पावण्यांचाय भला कर

मस्कतमध्ये बेसबॉल आणला कोणी, यावर वाद होऊ शकतो. तो टिकवला माझ्या बायकोच्या मामांनी, यावर होऊ शकत नाही. मामांना बेसबॉल कळत नाही, ही बाब मी गौण मानतो. त्यांना क्रिकेटही कळत नव्हतं. देवगडजवळच्या एका वाडीतून ते ऐन तारुण्यात ओमानला आले, अर्बाबाच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या, गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला लागल्या आणि तिथेच त्यांचे केस पिकले. मग आखातातल्या व्यावसायिक बेसबॉल लीगला पसारा वाढवायची हुक्की आली. नवे संघ हवे होते. अर्बाबाने एक विकत घेतला, परदेशातून खेळाडू मागवले आणि बॅटी, हातमोजे, हेल्मेटं सांभाळायला मामांना मैदानावर धाडलं. दुसऱ्या दिवसापासून मामा "आमचो संघ" म्हणू लागले.

मामांचं प्रेम हे एक प्रकरणच होतं. हातमोज्यांना ते खोबरेल चोळत. ओमानच्या दक्षिणेला, नारळ पिकतात त्या सलालाहहून कोणी येणार असलं की शहाळी मागवत आणि संघाच्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या त्या धिप्पाड कॅरिबियन गड्याला, समोर बसवून पाजत. त्याला ते "झिला", म्हणजे पोरा, म्हणत. ही इथली आदराची हाक असावी अशा समजुतीने तोही मामांना "झिला" म्हणायचा, आणि मामांना त्यात काहीच वावगं वाटत नसे. मस्कतच्या वादी अदाई भागातल्या त्यांच्या घरी चहाला गेलेल्या माणसाला संघाचा समग्र इतिहास ऐकल्याशिवाय चपला मिळत नसत. त्या इतिहासात पराभव हा शब्दच नव्हता. "आज पावण्यांचो दिवस होतो," एवढंच ते म्हणत. पहिल्या मोसमात सगळेच दिवस पाहुण्यांचे निघाले, दुसऱ्यातही वेगळं काही घडेना, पण मामांच्या आवाजातली ऐट कायम.

आणि प्रत्येक सामन्याआधी मामा गाऱ्हाणं घालत. कोकणात शुभकार्याआधी घालतात तसंच, नारळ हातात घेऊन, सगळ्या खेळाडूंना गोल उभं करून. प्रत्येक मागणीला खेळाडू आपापल्या उच्चारात "होय म्हाराजा" म्हणत. "हे काय?" असं अर्बाबाने एकदा विचारलं. "दुआ, सब के लिए," मामांनी सांगितलं. "इन्शाल्ला," म्हणून अर्बाब गेला.

ते "सब के लिए" माझ्या डोक्यात शिरायला दुसऱ्या मोसमाचा शेवट उजाडला. शेवटचा सामना उरला होता आणि अर्बाब मामांना म्हणाला होता, "मामा, एक जीत चाहिए. नहीं तो टीम खलास." मामांचं अन्नावरचं मन उडालं. आमच्या घरी मासे केले तरी ते ताटात बोट फिरवत बसले. मला राहवेना. "मामा, तुम्ही दर वेळी समोरच्या संघाचंही भलं मागता. देव तुमचं ऐकतोय आणि त्यांचं करतोय. उद्या तेवढं वाक्य गाळा."

"मगे काय करू? दारात इलेल्या पावण्यांका वगळू?"

"संघ राहील तुमचा."

मामा उठले, हात धुतले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला गाऱ्हाणं सुरू झालं. जाळीमागे शेजारच्या रुवीतली आणि वादी अदाईतली सगळी कोकणी मंडळी, रत्नागिरीचे मुसलमान व्यापारीसुद्धा. पाहुणे खेळाडू जवळच उभे होते. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां आज खेळाक उतरतत, त्यांची इडापिडा दूर कर रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" पुढे मामा थांबले. मी मनात म्हटलं, गाळा मामा, गाळा. मामांनी डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं, "आणि हे जे पावणे इलेले आसत, त्यांचाय भला कर रे म्हाराजा!" मग पाहुण्यांच्याच घोळक्यातून एक "होय म्हाराजा" आला, आणि जाळीमागे एकच गजर झाला.

शेवटच्या डावात दोन्हीकडे सारखे गुण होते. आमचा पिचरच बॅट घेऊन उभा राहिला. "झिला, घाल!" मामा ओरडले. त्याने घातला. चेंडू प्रेक्षकांवरून, कुंपणावरून थेट बाहेरच्या गाड्यांमध्ये पडला. आम्ही जिंकलो! माणसं जाळीवर चढली, कोणाची टोपी कोणाच्या डोक्यावर गेली, अर्बाब आपला पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा सावरत मैदानभर नाचला. एवढा आनंद मी ओमानमध्ये दुसरा पाहिलेला नाही. फक्त मामा कुठे दिसेनात. शेवटी सापडले ते पाहुण्यांच्या खोलीत. हरलेल्या खेळाडूंना खोबऱ्याचा प्रसाद वाटत होते आणि मोडक्या हिंदीत सांगत होते, "तुम्हारे लिए भी मांगा था रे." त्या सगळ्यांना त्यांनी जेवायला आपल्या घरी नेलं.

संघ टिकला. आता तर तो सर्रास जिंकतो. मामा मात्र पुढच्या वर्षी कायमचे गावी गेले. गेल्या आठवड्यात मोठा सामना जिंकलो तेव्हा मी त्यांना फोन केला आणि धावत्या वर्णनाच्या थाटात सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरा झाला," ते म्हणाले. "पावणे जेवन गेले मां?"

पाहुणे केव्हाच बसमध्ये बसून निघून गेले होते. त्यांच्याकडे कोणी फिरकलंही नव्हतं. मी "हो" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला मामांची फार आठवण आली.