अगोड काकू

आमच्या काकूला गोड बोलताना आख्ख्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. ती घरी शिवणकाम करते, आणि तिची कात्री हातात जास्त चालते की तोंडात, हे गिऱ्हाइकांना अजून ठरवता आलेलं नाही. पँटची कंबर सैल करून मागणाऱ्या बँकेच्या साहेबांना ती म्हणाली, "कापड संपलं साहेब, आता पोट आवरा." तरी लोक येतात. तिची शिवण उसवत नाही ना!

अशा बाईचा नवरा म्हणजे आमचे काका. बंदरावर क्रेन चालवतात. जमिनीवर गरीब गाय, वर केबिनमध्ये राजा. त्यांना एकच व्यसन, टोमॅटो सॉसचं. अंड्यावर सॉस, भातावर सॉस, एकदा तर केळ्यावर. आणि त्या दुकानातल्या बाटलीत साखरच साखर. व्हायचं तेच झालं. बंदराच्या मेडिकल तपासणीत काकांची साखर वाढलेली निघाली. बंदराचे डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा बघू. साखर खाली आली नाही, तर तुम्ही खाली याल."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. "खाली येऊन मी करू काय?" एवढंच घोकत बसले.

"मला विचारा!" काकू म्हणाली. "दिवसभर घरात बसून मला सुईत दोरा कसा ओवायचा ते शिकवाल. त्यापेक्षा मीच जाते क्रेनवर." आणि तिनं कंबर कसली.

दुकानातल्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. पिकून लाल झालेले टोमॅटो आणले, कांदा मंद आचेवर आपला आपण गोड होईपर्यंत शिजवला, लसूण, मोहरी, व्हिनेगर घातलं. साखर फक्त चिमूटभर, नावाला. सगळं मोठ्या बाटल्यांत भरून झाकणं गच्च लावली आणि बाटल्या ओट्यावर मांडल्या. साखर नुसती गोडीला नसते, टिकवायलाही असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं थोडंच! सॉस आंबला, फुगला आणि एका सकाळी काका ओट्याजवळ चहा पीत असताना बाटली धाड्कन फुटली. छत लाल, भिंत लाल, काका लाल. शेजारीण धावत आली आणि दारातूनच किंचाळली, "अगं बाई, शेवटी मारलंस का त्यांना?"

"अजून नाही," काकू म्हणाली.

मग मात्र ती शहाणी झाली. छोट्या बाटल्या उकळून घ्यायच्या, सॉस थोडाच करायचा, तोही फ्रिजमध्ये. काका रोज नाक मुरडायचे. "सॉस आहे की खोकल्याचं औषध?"

"औषधच आहे. गिळा."

खरं सांगू? सुरुवातीला तो भयंकरच होता. पण काकू हट्टी. कांदा अजून शिजवून बघ, मोहरी कमी कर, व्हिनेगर बदल, असं तिचं चालूच. इकडे काकांच्या पँटी सैल होत गेल्या आणि ती गुपचूप त्यांच्या कंबरा आत घेत राहिली. मेडिकलच्या आदल्या दिवशी मात्र तिनं एका शर्टाला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या. तेव्हा मला कळलं, बाई घाबरली आहे.

दुसऱ्या दिवशी काका आले ते दारातूनच ओरडत. "पास! राहिलो मी वर!"

"सुटले बाई," काकू म्हणाली आणि पातेल्यात डाव फिरवत राहिली.

"कँटीनमध्ये पोरांनी पार्टी दिली. दुकानातला सॉस पुढे केला. मी नाही घेतला."

"डॉक्टरांना भ्यालात."

"नाही गं. नुसता पाक तो, चव कुठे आहे त्याला? रिटायर होईपर्यंत मी तुझ्या हातचाच सॉस खाणार आणि वरच बसणार."

काकूचा डाव थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या हाताला काकांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि तिनंही त्यांना तशी सवय लावली नव्हती.

"तुमच्या तोंडात साखर पडो!" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "पडो म्हणजे... पडायची नाही हं! खबरदार!"

काकांनी रिकामी बाटली तिच्यापुढे धरली. "चिमूटभर चालते गं," ते म्हणाले.