बाराव्या मजल्याच्या दाराखालून

अन्याय माझ्या मामावर झाला. रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सीवूड्समधल्या एका इमारतीत, बाराव्या मजल्यावर. वेळ इतकी अचूक सांगता येते, कारण गुन्हेगाराने ती स्वतःच्याच वहीत टिपून ठेवली होती. गुन्हेगार मी.

(पत्रकात असं सरळ लिहीत नाहीत. पत्रकात 'काही बेजबाबदार घटक' असं लिहायचं असतं. मी शेकडो वेळा लिहिलंय. ते घटक किती बेजबाबदार असू शकतात, हे मला त्या रविवारी कळलं.)

आधी मामाचं घर समजून घ्या, नाहीतर अन्यायाची खोली कळणार नाही. अकरावा आणि बारावा असे दोन मजले, आतून सागवानी वळणदार जिन्याने जोडलेले. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, दारांना पितळी मुठी, खाडीकडे तोंड केलेल्या गोलाकार बाल्कन्या. इमारत आठ वर्षांपूर्वीची. पण मामा येईल त्याला सांगतो, "ही लढाईच्या आधीची स्टाइल हाय."

"कुठल्या लढाईच्या, मामा?"

"मोठ्या."

आणि मामी आतून ओरडते, "फरशीवरनं आमची जाली ना, ती!"

खरी गोष्ट अशी. माझी आजी करावे गावातून डोक्यावर पाटी घेऊन मुंबईला जायची, खाडीतला जिताडा मासा विकायला. समुद्राकाठी एक श्रीमंतांची जुनी इमारत होती, महायुद्धाच्या आधीची, आत दुमजली घरं. पुढच्या लिफ्टला पितळी जाळीचा दरवाजा, तो साहेबांसाठी. पाटीवाल्यांना मागचा लोखंडी गोल जिना. लहानगा मामा आजीसोबत त्या जिन्याने चढायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून जेवढं दिसेल तेवढं घर बघायचा: सागवानी जिन्याच्या चार पायऱ्या आणि काळ्यापांढऱ्या फरशीचा एक तुकडा. पुढे सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली, मामाने वरचे दोन मजले स्वतःला ठेवले आणि त्या चार पायऱ्यांवरून अख्खं घर आठवून आठवून बांधलं. फक्त एक गोष्ट गाळली. मागचा दरवाजा. दारं दोन, अकराव्याला एक नि बाराव्याला एक, पण दोन्ही पुढचीच. "माज्या घरात जो येल तो फुडच्या दारानं येल," हे मामाचं वाक्य. लिफ्टमनलासुद्धा पाठ आहे.

आता माझ्याकडे वळू. मी आमच्या करावे गावचा तलाव बुजवण्याविरुद्ध गेली तीन वर्षं पत्रकं लिहिते, छापते आणि वाटते. वाटण्याचं एक शास्त्र आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावरून सुरू करायचं, जिन्याने खाली यायचं. बेल वाजवायची नाही, वाद घालायचा नाही. दाराखालून सरकवायचं, वहीत टिक करायची, पुढे. तासाला सहा इमारती!

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, सायलीचं, लग्न ठरलं. आमच्यात पहिलं आमंत्रण मामाला. मामा नवरीचा हात धरून तिला मांडवात आणतो, त्याच्याशिवाय पान हलत नाही. आईचा पाय प्लास्टरमध्ये, बाबांची न्हावा शेव्याला शिफ्ट. म्हणून आईने माझ्या हातात पत्रिका, कुंकवाची डबी, अक्षता आणि नारळ दिला आणि बजावलं, "मामाला कुंकू लाव, नारळ हातात दे, पाया पड. आणि मामीने जेवायला बसवलं तर बस!"

इथेच घात झाला. मामीने बसवलं म्हणजे तांदळाची भाकरी, वर भाकरी, वर 'अजून एक, माजी शपथ'. दोन तास जातात. माझ्या पिशवीत त्या दिवशी पत्रिकांबरोबर तलावाची पत्रकंही होती. मी लिफ्टने थेट बाराव्याला गेले, पत्रिका दाराखालून सरकवली, टिक केली आणि जिन्याने उतरू लागले. अकराव्यावरून नेहमीप्रमाणे चवड्यांवर, न थांबता, मामीला चाहूल लागू नये म्हणून.

नारळ दाराखालून जात नाही. काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं! पण मी तो पिशवीत टाकला आणि दुपारी आमच्या तलाव-समितीच्या बैठकीत त्याची चटणी झाली. (उत्तम झाली होती. ठरावात नोंद आहे.)

लग्नाला पाच दिवस उरले तरी मामाचा फोन नाही. शेवटी आईनेच लावला. स्पीकरवर.

"दादूस, पत्रिका पोचली ना रे?"

"कनची पत्रिका?"

"सायलीच्या लग्नाची!"

"लगीन हाय काय? बरं हाय. मना आता कलतंय."

फोन बंद. आईने माझ्याकडे पाहिलं.

"दिली होतीस ना?"

"अकरा वीसला! टिक आहे!"

"कुंकू लावलंस?"

"आई, मुद्दा पत्रिका पोचण्याचा आहे."

"नारळ कोणाच्या हातात दिलास?"

मी म्हटलं, "समितीच्या."

यानंतर शहाण्या माणसाने माफी मागितली असती. मी 'जाहीर खुलासा' लिहिला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'काही ज्येष्ठ मंडळी मानापानाच्या राजकारणासाठी मिळालेली पत्रिका नाकारत आहेत, याचा आम्ही तीव्र निषेध करतो!' ('आम्ही' म्हणजे मी.) खाली वहीच्या पानाचा फोटो, टिक लाल गोलात. चार मिनिटांत मामाने उत्तर टाकलं, "मना निमंत्रन नाय," आणि ग्रुप सोडला. दहाव्या मिनिटाला निम्मं करावे गाव ग्रुप सोडून गेलं. आईने जेवण सोडलं.

सायली मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती, तेच जास्त भीतिदायक होतं. "मामाने हात धरल्याशिवाय मी मांडवात पाऊल टाकणार नाही. तू धरणारेस माझा हात? तू फक्त माइक धरतेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेले. तडजोडीला नाही हं, पुरावा जप्त करायला! अकराव्या मजल्याची बेल वाजवली. मामानेच दार उघडलं.

"फुडून आलीस? आज कसं काय?"

"मामा, बाराव्याच्या दाराशी चल. पत्रिका तिथेच असणार."

आम्ही सागवानी जिना चढून वर गेलो. दार कुठेच नव्हतं. दाराच्या जागी एक भलंमोठं लोखंडी कपाट, भिंतीला टेकून.

"तीन वर्सं जाली लावून," मागून मामी म्हणाली. "दोन दारं म्हंजे दोन तोरनं, दोन रांगोल्या. कोन काढनार? तुजा मामा?"

कपाटात मामीच्या सगळ्या पैठण्या आणि हळदीला वापरायची पितळी भांडी. आम्ही तिघांनी खांदे लावले, फरशी किंचाळली, मामी फरशीपेक्षा मोठ्याने. कपाट हातभर सरकलं. मागे धूळ, आणि धुळीवर पत्रिका! गणपती वर, अगदी ताजी.

"पुरावा!" मी पत्रिका उंच धरून गर्जले.

"आनि ह्यो खाली कसला गठ्ठा हाय?" मामीने विचारलं.

मी खाली पाहिलं. पत्रिकेखाली माझी पत्रकं होती. तीन वर्षांची. सगळी. आणि मी समितीला दर महिन्याला अहवाल देत होते: 'फ्लॅट ११०१ व १२०१, दोन्ही घरांचा पूर्ण पाठिंबा, विरोध शून्य.'

मामाने गठ्ठा उचलला, झटकला, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला आणि चष्मा लावून मोठ्याने वाचू लागला. "'उंच इमारतीच्या गोल बाल्कनीत बसून खाडी न्याहाळणाऱ्या आणि गावच्या तलावाकडे पाठ फिरवणाऱ्या बड्या धेंडांनो, लाज बाळगा!' ही बडी धेंडं म्हंजे कोन, बाय?"

"सर्वसाधारण," मी म्हटलं.

"गोल बाल्कनी या सेक्टरात माजीच हाय."

"आनि बसतो पन तोच," मामी म्हणाली.

मला वाटलं आता लग्न मोडणार, आणि वर माझ्याच विरुद्ध पुरावा भक्कम! पण मामा चिडला नाही. त्याने चष्मा काढला. "आई पाटी घेऊन मागच्या जिन्यानं चढायची. म्हनून मी या घराला मागचा दरवाजा ठेवला नाय. तू येऊन तयार केलास."

मी चौकात दीड तास बोलू शकते. त्या पायरीवर मला एकच शब्द सुचला. "चुकले."

"मंग आता खाली जा. लिफ्टनं. अकराव्याची बेल वाजव."

मी निघाले, तर मामीने हळूच माझ्या हातात तिच्या देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी, मूठभर अक्षता आणि एक नारळ कोंबला. "हा घे. याची चटनी नको करूस." (बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे.)

बेल वाजवली. मामाने मला दारात पूर्ण दोन मिनिटं उभं ठेवलं, मग उघडून विचारलं, "कोन आपन?" मी कुंकू लावलं, नारळ दिला, पाया पडले. "मामा, सायलीच्या लग्नाला यायचं हं."

"येतो. आनि ती तलावाची मीटिंग कवा हाय?"

"अं?"

"तलाव बुजवतायत हे मना कोन बोललंच नाय! मी पवायला तितं शिकलो."

"मामा, मी तीन वर्षं सांगतेय!"

"कपाटाला सांगत व्हतीस."

मग आम्ही जेवायला बसलो. दोन तास. आयुष्यात इतकी गोड भाकरी मी खाल्लेली नाही, आणि 'अजून एक'ला नाही म्हटलं नाही.

मामा लग्नाला आला. नवीन कोट, सायलीचा हात आपल्या हातात, आणि मांडवाच्या पुढच्या कमानीतून तिला असं घेऊन आला की आईचं प्लास्टरसुद्धा रडलं असेल. माझ्या शेजारून जाताना फक्त म्हणाला, "टिक कर." मी केली. वही अजून जपून ठेवलीय. त्याने मला माफ केलं, हे उपकार मी कुठल्याही पत्रकात मावतील इतक्या शब्दांत सांगू शकत नाही. बाराव्याच्या दाराचं कपाटही हललं. आता तिथे तोरण आहे. दुसरी रांगोळी दर सणाला मी काढते. शिक्षा.

तेव्हा वाचकहो, मागणी एकच आणि ती तातडीची आहे. हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या घरातलं दाराला टेकवलेलं कपाट सरकवा. मागे माझं पत्रक असेल, ते पूर्ण वाचा, आणि तलावाच्या सभेला या. फक्त 'बडी धेंडं' असलेली ओळ तेवढी पेनाने खोडा. मामा आता समितीचा अध्यक्ष आहे.