शर्टाचा कच्चा रंग

संशय घेणं हेच माझं काम होतं. लंडनच्या ईलिंगमधल्या एका फार्मसीत पंचवीस वर्षं मी बनावट प्रिस्क्रिप्शनं पकडली. सही जरा नीटनेटकी दिसली तरी माझी भुवई वर जायची. त्यामुळे गेल्या मे महिन्यात सासरे कार बूट सेलमधून, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारातून, एक जुना लष्करी शर्ट छातीशी धरून घरी आले, तेव्हाच मला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

"ब्रह्मदेशातला आहे," ते म्हणाले. "जंगलात लढणाऱ्या शिपायांचा. माझ्या वडिलांचा अस्साच होता."

त्यांचे वडील साताऱ्याकडून पलटणीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या लढाईत मारले गेले. सासरे तेव्हा सहा वर्षांचे. वडिलांचा फोटो नाही, पत्र नाही. आता सत्त्याऐंशीव्या वर्षी वडिलांची आठवण म्हणून काहीतरी हाताला लागावं, एवढीच त्यांची आस. आणि विकणाऱ्यानं नेमकी तीच हेरली असणार! भोळा म्हातारा दिसला की टोपी घालायला कितीसा वेळ लागतो?

शर्ट हिरवा होता, जरा जास्तच हिरवा. शिवणीच्या आत मात्र खाकी. ऐंशी वर्षांचं कापड इतकं धड राहील? शिवाय परक्याचा कपडा धुतल्याशिवाय घरात ठेवायचा नाही, ही माझ्या आईची शिस्त. दुसऱ्या दिवशी सासरे फिरायला गेल्यावर मी बादलीत गरम पाणी घेतलं, पावडर टाकली आणि शर्ट बुडवला.

पाणी हिरवंगार झालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चोर सापडला होता. मी पाणी बदलून पुन्हा घासलं, पुन्हा बदललं. खालचा खाकी रंग दिसायला लागला. सासरे आले तसं मी त्यांना बादलीच दाखवली.

"बाबा, फसवलंय तुम्हाला त्यानं. साधा खाकी शर्ट डाय करून विकलाय. कलर बघा कसा रन होतोय!"

ते बाथरूमच्या स्टुलावर बसले.

"खाकीच असायचे गं ते. जंगलात दिसू नये म्हणून हिरवे रंगवून द्यायचे. कच्चा रंग. वडील रजेवर आले तेव्हा घामानं त्यांची पाठ हिरवी झाली होती. आई विहिरीवर घासत होती आणि मी हसत होतो. तेवढेच आठवतात मला ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या विक्रेत्यावर माझा आजही विश्वास नाही. पण शर्ट खरा की खोटा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. ते मीच धुऊन टाकलं होतं. मी बादली उचलायला वाकले तर त्यांनी माझा हात धरला. स्वतःच्या बाह्या वर केल्या, दोन्ही हात पाण्यात घातले, बराच वेळ तसेच ठेवले. मग बाहेर काढून उलटसुलट करून पाहिले.

"रंग लागत नाही गं," ते म्हणाले.