गच्चीला पांढरा रंग अन् माजी पिशवी

बायांनो, आज लय आनंदात हाय मी!

मलकापुरात लेकाचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात घर तापलं की मी आपली गावाकडं, वडूजला निघायची. एसीनं माजं गुडघं धरत्यात, काय करनार?

आज वरच्या मजल्याच्या उकाड्यावर सोसायटीची मीटिंग झाली. समदी म्हनली, वरच्या घरांत एसीच बसवू. मी म्हनलं, मला एसी सोसत नाय. खालच्या मजल्यावरचा एक जन हसला, “आजींना गोधडी द्या की!”

माजी सून उठली, मला आत्या म्हनती ती. “एसी लावून गोधडी घ्यायची, मग बिल कशाला भरायचं? गच्चीला ऊन परतवनारा पांढरा रंग मारू, खिडक्यांवर छज्जं काढू. आमच्या आत्या हितंच ऱ्हायला पायजेत.”

पटलं की सगळ्यांना! कुरडया वाळवायला गच्चीत जागाबी ठेवनार हायत.

वडूजला जायची पिशवी भरलीवती, ती सुनंनंच रिकामी केली. तुमच्यासाठी कवा कोन असं उठून बोललंय का गं?